सार्लाजवळच्या छोट्या गावात तिथलंच जेवायचंय, बरोबर शाकाहारी सासूबाई आहेत. कसं जमवायचं?

ओसरी

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि माझ्या सासूबाई, फ्रान्सला चाललोय. पॅरिसचे तीन दिवस झाले की ट्रेननं बोर्दो आणि तिथून सार्ला. सार्लापासून गाडीनं वीस मिनिटांवरच्या एका गावात पाच रात्री घर घेतलंय. लास्कोची गुहा, नदीकाठचे किल्ले, होडी हे सगळं ठरलेलं आहे, त्याबद्दल विचारायचं नाहीये. मला विचारायचंय ते जेवणाबद्दल.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघंच फ्रान्सला गेलो होतो आणि खरं सांगते, आठ दिवसांत तिथलं म्हणावं असं एकही जेवण झालं नाही. पिझ्झा, सँडविच, सुपरमार्केटमधलं सॅलड यावरच निभावलं. एका छोट्या गावात धीर करून रेस्टॉरंटमध्ये गेलो तर दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, आत सात-आठ टेबलं भरलेली, लोक आरामात गोड खात बसलेले, आणि मालकीणबाईंनी दारातूनच किचन बंद झालं म्हणून परत पाठवलं. मग गाडीत बसून चिप्स खाल्ले. ते फार लागलं मनाला, आम्ही परके म्हणून असं केलं का हेही कळलं नाही.

या वेळी निदान एक-दोन जेवणं तरी गावातले लोक जिथं जेवतात तिथं, ते जे खातात तेच खायचं असं मी मनाशी धरलंय. पण अडचणी अशा की सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, केकमधलं अंडं चालतं पण ऑम्लेट नाही, मासे तर नाहीच. नवरा चिकन-मासे खातो, बीफ आणि पोर्क नाही. मी सगळं खाते. फ्रेंच आम्हाला तिघांनाही येत नाही.

तर एक म्हणजे तिकडचं स्थानिक जेवण नेमकं काय असतं आणि त्यात सासूबाईंना काही मिळेल का? फोन करून टेबल सांगावं लागतं का? आणि ते मेन्यू, कार्त, फॉर्म्यूल यातला फरक कोणीतरी मराठीत समजावून सांगा, इंटरनेटवर वाचून माझा गोंधळ आणखी वाढलाय. सासूबाईंनी आयुष्यभर सगळ्यांना वाढलंय, त्यांना ताटकळत बसवून नुसती ब्रेड-लोणी खायला लावायचं नाहीये मला.

गारोनकाठी

ओसरीताई, मी बोर्दोला नऊ वर्षं राहतोय आणि सार्लाकडं वर्षातून दोनदा तरी जाणं होतं, तर जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या दोन वाजून दहा मिनिटांबद्दल. ते परकेपणामुळं नव्हतं हो, मनातून काढून टाका. छोट्या गावात दुपारचं जेवण बारा ते दीड या वेळात सुरू करायचं, काही ठिकाणी पावणेदोनपर्यंत घेतात, पण दोनला किचन बंद म्हणजे बंद. जे आत बसलेत ते तीनपर्यंत बसतील, नवीन माणूस नाही. कारण स्वयंपाक करणारी आणि वाढणारी मिळून दोन-तीनच माणसं असतात, बहुतेक वेळा नवरा-बायको, आणि तीच परत संध्याकाळी सातला उभी राहायची असतात. मधल्या वेळात भांडी, आवराआवर आणि थोडी पाठ टेकणं. मलाही पहिल्या वर्षी दोनदा परत पाठवलंय. तुम्ही सव्वाबाराला पोचा, तेच लोक तुम्हाला हसून बसवतील. रात्री साडेसात ते साडेआठ. रविवारी रात्री आणि सोमवारी बरीच रेस्टॉरंट बंद असतात, त्यामुळं आधी बघून घ्या. तुमचा ऑक्टोबर ठीक आहे, नोव्हेंबर लागला की त्या भागातली बरीचशी हंगामी दुकानं आणि हॉटेलं कुलूप लावतात.

आता मेन्यू. तिथं मेन्यू म्हणजे पदार्थांची यादी नव्हे, ठरलेल्या किमतीतलं ठरलेलं जेवण. यादीला कार्त म्हणतात. मेन्यूत बहुधा तीन भाग: आंत्रे म्हणजे सुरुवातीचं (अमेरिकेत या शब्दाचा अर्थ मुख्य पदार्थ होतो, तिथं फसू नका), मग प्ला म्हणजे मुख्य, मग गोड. चीज असेल तर ते गोडाच्या आधी येतं. फॉर्म्यूल म्हणजे त्यातले दोनच घ्यायचे, पहिलं आणि मुख्य किंवा मुख्य आणि गोड. आणि प्ला द्यु जूर म्हणजे आजचा पदार्थ, तो बाहेर पाटीवर खडूनं लिहिलेला असतो. किमती दाराबाहेर लावणं कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळं आत न जाताही अंदाज घेता येतो. कामाच्या दिवशी दुपारी मी त्या बाजूला १५ ते २० युरोत पूर्ण जेवलोय, रात्री तेच तीसच्या आसपास जातं. तेव्हा मोठं जेवण दुपारी करा.

गावातले लोक कुठं जेवतात हे ओळखायची माझी खूण म्हणजे बाराच्या सुमारास बाहेर गवंडी-प्लंबर लोकांच्या पांढऱ्या व्हॅन लागलेल्या असल्या की सरळ आत जायचं. पाटी एकच, त्यावर दोन-तीनच पदार्थ. जिथं चार भाषांत, फोटो लावलेलं, पन्नास पदार्थांचं पुस्तक हातात देतात तिथं मी जात नाही. आणखी एक, फे मेझों असं लिहिलेलं किंवा घराच्या छपराचं झाकण असलेल्या पातेल्याचं चित्र दिसलं तर त्याचा अर्थ कच्चा माल आणून तिथंच शिजवलंय. २०१४ पासून त्याचा कायदा आहे. त्यात गोठवलेला कच्चा माल चालतो, म्हणजे सगळं ताजंच असं नाही, पण बाहेरून तयार आणून नुसतं गरम केलेलं तरी नसतं.

पाणी मागताना काराफ दो म्हणा, नळाचं पाणी जगमधून फुकट मिळतं, नुसतं पाणी म्हटलंत तर विकतची बाटली येते. ब्रेडही जेवणाच्या किमतीतच असतो, संपला की परत मागा, आणि तो ताटात न ठेवता टेबलावर ठेवतात तशीच पद्धत आहे. सर्व्हिसचे पैसे दरातच धरलेले असतात, टिप द्यायलाच हवी असं नाही, जेवण आवडलं तर एक-दोन युरो ठेवतात. बिल मागितल्याशिवाय येत नाही, तुम्ही तासभर बसून राहिलात तरी कोणी आणून ठेवणार नाही कारण त्यांच्या मते ते उठा म्हणण्यासारखं आहे. लादिसियों सिल व्हू प्ले, एवढं पाठ करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आत शिरल्याबरोबर बोंजूर, म्हणजे नमस्कार. मागणी करण्याच्या आधी, टेबलाकडं बोट दाखवण्याच्या आधी, अगदी काहीही बोलायच्या आधी. तो एक शब्द नसेल तर तुम्ही उद्धट ठरता आणि असेल तर पुढचं सगळं तुटक्या इंग्रजीत चालून जातं.

सासूबाईंच्या जेवणाबद्दल इथं दुसऱ्या कोणीतरी लिहावं, मी पडलो मांसाहारी.

डोंगरवाट

गारोनकाठींना अनुमोदन, विशेषतः बोंजूरबद्दल.

स्थानिक जेवण काय असतं असं विचारलंय म्हणून मी खाल्लेलं एक जेवण जसंच्या तसं सांगतो, मार्च महिना होता आणि आम्ही दोघं भाऊ सायकलवर होतो. गाव सार्लाच्या पूर्वेला, नाव मुद्दाम देत नाही कारण तिथं नऊच टेबलं आहेत. त्या भागाला पेरिगोर म्हणतात, आणि सार्लाच्या बाजूला काळा पेरिगोर, ओकच्या दाट रानामुळं.

पहिलं आलं सूप, तुरँ. लसणाचं सूप. पांढरंशुभ्र, वर अंड्याच्या पांढऱ्याचे धागे तरंगत होते आणि खाली तळाला शिळ्या ब्रेडचे तुकडे. लसूण भरपूर पण उग्र अजिबात नाही, मऊ शिजून गोडसर झालेला. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ एकटेच जेवत होते, त्यांनी सूप संपत आलं तेव्हा खोलगट प्लेटमध्ये तळाशी थोडं ठेवलं, त्यात आपल्या ग्लासातली लाल वाइन ओतली, प्लेट हातानं गोल फिरवली आणि दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली. आम्ही बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं तर त्यांनी आमच्या प्लेटकडं बोट दाखवून करा करा अशी खूण केली. याला शाब्रोल म्हणतात, शेतकऱ्यांची जुनी पद्धत. आम्ही केलं. सूपची ऊब आणि वाइनचा आंबटपणा, आणि ते प्लेट उचलून पिणं, मला आजही ती चव आठवते.

मग कॉन्फी द कानार. बदकाची तंगडी मीठ लावून एक रात्र ठेवतात, मग बदकाच्याच चरबीत अगदी मंद आचेवर तासन् तास शिजवतात आणि त्याच चरबीत बुडवून बरणीत किंवा डब्यात ठेवतात. फ्रिज नव्हते त्या काळात मांस टिकवायचा तो उपाय होता, आता चवीसाठी करतात. वाढताना कातडी कुरकुरीत होईस्तोवर भाजतात, आत मांस इतकं मऊ की सुरी लागलीच नाही, काट्यानं ओढलं तर हाडापासून सुटलं. सोबत पॉम सार्लादेज म्हणजे सार्ला पद्धतीचे बटाटे, पातळ काप बदकाच्या चरबीत परतलेले, काही काप कुरकुरीत काही मऊ, आणि शेवटी वरून चिरलेला लसूण आणि पार्सली. मग हिरवी पानं अक्रोडाच्या तेलात, मग शेळीच्या दुधाचं नाण्याएवढं चीज, काबेकू, आणि शेवटी अक्रोडाचा केक. सगळं मिळून दोन तास.

ओसरीताई, तुमच्या यजमानांसाठी हा भाग सोपा आहे, कारण तिथं बदक आणि हंस हेच मुख्य. फक्त बफ म्हणजे गाय-बैल, व्हो म्हणजे वासरू, पोर म्हणजे डुक्कर हे शब्द लक्षात ठेवा. लार्दों म्हणजे डुकराचे छोटे तुकडे, ते सॅलडमध्ये न सांगता येतात. पाते (वाटलेल्या मांसाचा प्रकार) आणि सॉसेज बहुतेक पोर्कचंच असतं, पातेत बदक लिहिलं असलं तरी पोर्क मिसळलेलं असू शकतं, तेव्हा विचारून घ्या.

साधीभाजी

मी शाकाहारी, आणि त्याच भागात चार दिवस राहून आले आहे, म्हणून ओसरी तुला कळकळीनं लिहितेय.

वरच्या प्रतिसादात बटाट्यांबद्दल जे लिहिलंय ते परत एकदा नीट वाच. तिथं बदकाची चरबी ही आपल्याकडच्या फोडणीच्या तेलासारखी आहे, प्रत्येक गोष्टीची सुरुवात तिथून होते. मी पहिल्या दिवशी शाकाहारी आहे एवढं सांगितलं, त्यांनी अगदी प्रेमानं मांस काढून नुसते बटाटे आणि सॅलड वाढलं, मी पोटभर खाल्लं आणि नंतर मैत्रिणीनं कृती विचारली तेव्हा कळलं बटाटे कशात परतलेत. त्या बाईंना मला फसवायचं नव्हतं, त्यांच्या दृष्टीनं बटाटा ही भाजी, विषय संपला. पण मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तुझ्या सासूबाईंच्या बाबतीत असं व्हायला नको.

म्हणून शाकाहारी हा शब्द वापरून थांबू नको, काय काय नको ते एकेक सांग. हे वाक्य पाठ कर: मा बेल-मेर न मांज नी व्यांद, नी प्वासों, नी ग्रेस द कानार. माझ्या सासूबाई मांस खात नाहीत, मासे नाहीत, बदकाची चरबी नाही. शेवटचे शब्द म्हटले की त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडतो, अच्छा असं आहे होय, आणि मग खरी बोलणी सुरू होतात. पुढं ऑम्लेट नको आणि सूपला मांसाचा रस्सा नको हे पण घाल. फोनमधल्या अनुवादकावर फ्रेंचमध्ये लिहून त्याचा मोठ्या अक्षरांतला कागद काढून ठेव, तो सरळ किचनमध्ये जातो.

आणि आदल्या दिवशी सांग, ऐन वेळी नको. शक्य असेल तर फोनपेक्षा आदल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास स्वतः जाऊन टेबल सांगून ये, तेव्हा ते लोक तयारीत असतात पण गर्दी नसते. छोट्या जागी एकच माणूस रांधतो, त्याला एक दिवस आधी कळलं तर तो सकाळच्या बाजारातून वेगळी भाजी आणतो. ऐन वेळी सांगितलंस तर त्याच्याकडं सॅलडशिवाय काही नसतं, आणि त्या सॅलडवरही झेझिये म्हणजे बदकाच्या पोटातले मांसल तुकडे (गिझर्ड) घालायची तिथं रीतच आहे!

ऑक्टोबर शाकाहारी माणसासाठी तिथला सगळ्यात चांगला महिना आहे. पाऊस नीट झाला असेल तर सेप नावाची रानमशरूम येतात, मातकट तपकिरी, जाड दांड्याची, लोण्यात परतून लसूण-पार्सली घातली की दुसरं काही नको. भोपळा असतो, चेस्टनट असतात, आणि नवे अक्रोड. लोण्यात म्हणजे ओ बर, हे दोन शब्द पण शिकून घे.

चीजचं सांगायला हवं. पारंपरिक चीज बहुतेक सगळी वासराच्या नाहीतर कोकराच्या जठरातल्या रेनेटनं दूध विरजून करतात. सासूबाईंना चालतं की नाही ते आधी त्यांच्याशी बोल, माझ्या आईला हे सांगितल्यावर तिनं चीज बंद केलं. गोडात मूस आणि तसल्या थरथरणाऱ्या पदार्थांत जिलेटीन असू शकतं, अक्रोडाचा केक घ्या.

मीठभाकर

धागा छान चाललाय. एक मुद्दा राहिला, फ्वा ग्राचा. सार्लात पाऊल ठेवलं की प्रत्येक दुकानात तेच दिसतं, गावात तीन हंसांचा ब्राँझचा पुतळासुद्धा आहे. बदकाला किंवा हंसाला शेवटचे साधारण दोन आठवडे नळीनं मका भरवतात, त्यानं यकृत सुजून मोठं होतं, ते हे. फ्रान्सच्या कायद्यानं २००६ पासून त्याला सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षण दिलंय, आणि आपल्या सरकारनं २०१४ मध्ये त्याच्या आयातीवर बंदी घातली, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी खात नाही. त्या मेन्यूत पहिला पदार्थ बरेचदा तोच असतो, तेव्हा दुसरं काही मिळेल का असं आधीच विचारा, तुरँ किंवा सॅलड आनंदानं बदलून देतात.

डोंगरवाट

मीठभाकर, मुद्दा रास्त आहे पण एक गोष्ट अर्धी राहिली. माग्रे म्हणजे बदकाच्या छातीचं मांस, तेही त्याच भरवलेल्या बदकाचं असतं, आणि त्या भागातल्या कॉन्फीची तंगडी पण बहुतेक वेळा त्याचीच. यकृत एवढंच टाळून बाकीचं खाल्लं तर तत्त्व पाळल्यासारखं होत नाही. मला स्वतःला हे तिथून आल्यावर कळलं आणि मी त्यावर बराच विचार केला, पुढच्या वेळी गेलो तर रानात मोकळी वाढवलेली कोंबडी, पूले फेर्मिये लिहिलेली, किंवा पँताद म्हणजे गिनी कोंबडी मागीन. ती पण तिथलीच.

मीठभाकर

हे माहीत नव्हतं. मी तिथं माग्रे खाल्लंय. सांगितलंत ते बरं केलंत.

गारोनकाठी

साधीभाजी, फार उपयोगी प्रतिसाद, मी आमच्या इथल्या शाकाहारी पाहुण्यांना हाच वाचायला देणार. ओसरीताई, आणखी एक सुचवतो, सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. शनिवारी सकाळी सासूबाईंना घेऊन तिथं जा. जुन्या सेंट मारी चर्चचा बंदिस्त बाजार केलाय, त्याचे दरवाजे चक्क पन्नास फुटांच्या आसपास उंच आहेत, झां नूव्हेल या वास्तुरचनाकारानं केलेले, तेही बघण्यासारखं. पण जायचं ते एवढ्यासाठी की ताटात काय येणार ते आधी टोपलीत दिसतं, मग पाटीवरचे शब्द ओळखीचे वाटतात. गाडी लवकर लावा, नऊनंतर जागा मिळत नाही.

आणि फेर्म-ओबेर्ज म्हणून एक प्रकार असतो, शेतकरी आपल्याच शेतावर आपल्याच मालाचं जेवण वाढतात, सगळ्यांना एकच ठरलेलं जेवण. ते मला सगळ्यात प्रिय आहे पण तुमच्यासाठी तिथं दोन-तीन दिवस आधी बोलणं झालंच पाहिजे, कारण मेन्यू पहिल्यापासून शेवटपर्यंत बदकाचा असतो.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. ते वाक्य मी आणि नवरा रोज रात्री म्हणतोय. सासूबाईंना चीजबद्दल सांगितलं, त्या म्हणाल्या मुंबईत इतकी वर्षं खाल्लं ते कशाचं होतं कोणाला ठाऊक, आता कळलंय तर नको. तेव्हा चीज नाही. परत आल्यावर, किंवा जमलं तर तिथूनच लिहीन.

ओसरी

तिथूनच लिहितेय! आज गुरुवार, दुपारी जेवून आलो आणि सासूबाई वरच्या खोलीत झोपल्यात, म्हणून लगेच लिहून टाकते.

काल सकाळी अकराला आमच्या गावातल्या रेस्टॉरंटमध्ये गेले. खाली जेवायची जागा, वर त्यांचं राहतं घर. बोंजूर म्हटलं, कागद दिला. मालकीणबाईंनी चष्मा लावून पूर्ण वाचला, ग्रेस द कानार वर बोट ठेवून मान हलवली आणि आत जाऊन नवऱ्याला घेऊन आल्या. तो स्वयंपाकी. त्यानं एकच प्रश्न विचारला, लोणी? मी म्हटलं वी, म्हणजे हो. सेप? वी. मग तो हसला आणि दम्यँ मिदी म्हणाला, उद्या दुपारी.

आज सव्वाबाराला पोचलो. बाहेर चार व्हॅन, गारोनकाठी तुमची आठवण झाली. आमचं टेबल खिडकीपाशी ठेवलं होतं. पाटीवर जे होतं ते मी आणि नवऱ्यानं घेतलं, लसणाचं सूप आणि मग गिनी कोंबडी चेस्टनट घालून, आणि सासूबाईंसाठी काय ते आम्हाला माहीतच नव्हतं. त्यांना आधी भोपळ्याचं सूप आलं, वर अक्रोडाच्या तेलाचे थेंब, सोनेरी गोल गोल. त्यांनी चमचा तोंडात घातला आणि काही बोलल्या नाहीत, मी जरा घाबरले, मग म्हणाल्या या तेलाला भाजलेल्या दाण्यासारखा वास आहे. सगळं संपवलं, प्लेट ब्रेडनं पुसून घेतली, शेजारचे लोक तसंच करत होते ते बघून.

मग सेप. लोण्यात परतलेली, कडा तांबूस, आणि बरोबर बटाटे. बटाटे बघून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मालकीणबाईंना बटाट्याकडं बोट दाखवून विचारलं, ग्रेस द कानार? त्या नों नों नों म्हणत आत गेल्या आणि एक छोटी लोखंडी कढई हातात घेऊन आल्या, आत लोण्याचा फेस अजून होता. ही वेगळी, हे दाखवायला कढई घेऊन आल्या बाहेर. सासूबाईंनी त्यांना हात जोडून नमस्कार केला, आणि त्या बाईंनीही कढई टेबलाच्या कडेला ठेवून तसाच केला.

नवऱ्यानं सूपच्या शेवटी शाब्रोल केलं. व्हॅनवाल्यांपैकी एकानं ग्लास उंचावला त्याच्याकडं बघून.

गोडाच्या आधी आम्हा दोघांना चीज आलं आणि सासूबाईंपुढं एका वाटीत नवे अक्रोड, ओलेच, आणि छोटी लाकडी हातोडी. फोडून कसे खायचे ते मालकीणबाईंनी करून दाखवलं. ओल्या अक्रोडाची आतली पातळ साल कडू असते, ती नखानं सोलायची, आत दुधासारखा पांढरा गर निघतो. दोघी बायका समोरासमोर बसून अक्रोड सोलत होत्या, एक मराठीत बोलत होती एक फ्रेंचमध्ये, आणि कितीतरी वेळ त्यांचं व्यवस्थित चाललं होतं. पूर्वी हिवाळ्यात रात्री शेकोटीजवळ बसून बायका अक्रोड फोडायच्या असं काहीतरी त्या सांगत होत्या, हातवाऱ्यांवरून मला तेवढं कळलं, सासूबाईंना बहुतेक सगळंच कळलं. बोटं काळी झालीत त्यांची, अजून गेली नाहीत.

तिघांचे मिळून ५८ युरो झाले, वाइन आणि कॉफी धरून. सासूबाईंच्या जेवणाचे वेगळे जास्त लावले नाहीत.

साधीभाजी, तुझ्या त्या वाक्याशिवाय हे झालं नसतं. शनिवारी सकाळी सार्लाच्या बाजारात जाणार आहोत, तिथून परत येऊन दुपारी पुन्हा इथंच जेवायचं असं सासूबाईंनीच ठरवलंय, टेबल सांगून झालंय, सव्वाबारा.